एआयची नोंदवही एआयच्याच हाती नको

सांगली-मिरजेतल्या कितीतरी पतसंस्था, सहकारी बँका आणि दवाखान्यांचं सॉफ्टवेअर सांभाळणारी माणसं कुठल्या मोठ्या आयटी पार्कात बसत नाहीत. विश्रामबागेत एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर चार-सहा मुलं-मुली असतात, लिनक्स या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारे दोन-तीन सर्व्हर असतात आणि त्या सर्व्हरवर हजारो सभासदांची खाती, आधार क्रमांक, पॅन आणि मोबाईल नंबर असतात. या मुलांच्या हाताशी आता टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चालणारी एआय साधनं आली आहेत. क्लॉड कोड, कोडेक्स, जेमिनी, नावं वेगवेगळी, पण कामाची रीत एकच. ती फाइली उघडतात, कमांड चालवतात, डेटाबेसशी बोलतात आणि त्यातून जे हाती लागतं ते दूरच्या सर्व्हरकडे पाठवून पुढची पायरी ठरवतात.

माझं म्हणणं असं आहे की, दुसऱ्याचा डेटा असलेल्या प्रत्येक लिनक्स मशीनवर असं साधन काय वाचतं, काय चालवतं आणि कोणाशी बोलतं याची नोंद झालीच पाहिजे. ती साधनाने स्वतः लिहिलेली असून चालणार नाही. ती त्याच्या खालून, ऑपरेटिंग सिस्टीमच्या पातळीवर व्हायला हवी. आणि पाळत साधनावर हवी, ते वापरणाऱ्या मुलांवर नको.

समजा, एका पतसंस्थेच्या मुदत ठेवींच्या व्याजात काही पैशांचा फरक येतोय. ऑफिसमधली मुलगी टर्मिनल उघडते आणि साधनाला सांगते, "व्याजाचा हिशेब चुकतोय, शोध." साधन आधी फोल्डरमधल्या फाइलींची यादी काढतं. व्याजाशी संबंधित नावं शोधतं, तीन पीएचपी फाइली वाचतं. डेटाबेस कुठे आहे हे कळावं म्हणून डॉट ईएनव्ही ही सेटिंगची फाइल उघडतं. तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. मग खात्री करून घ्यायला एक क्वेरी चालवतं आणि वीस खातेदारांच्या ओळी पडद्यावर येतात. नाव, शिल्लक, मोबाईल. चूक सापडते: लीप वर्षातही दिवस ३६५ च धरले होते. अर्ध्या दिवसाचं काम दहा मिनिटांत झालं आणि चांगलं झालं, हे मान्यच केलं पाहिजे.

पण त्या दहा मिनिटांत साधनाने जे जे वाचलं ते मॉडेलपुढे ठेवलं गेलं, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे गेलं. पासवर्डही गेला आणि त्या वीस खातेदारांच्या ओळीही. कोणी चोरी केली नाही, कोणाचा हेतू वाईट नव्हता. तरी संध्याकाळी संस्थेच्या चेअरमननी फोन करून विचारलं की, "आज आपल्या सभासदांचं काय काय बाहेर गेलं?" तर त्या ऑफिसात कोणालाही ठाम उत्तर देता येणार नाही. मला खुपतं ते हेच. डेटा बाहेर जाणं हा एक प्रश्न आहे. काय गेलं हे कोणालाच सांगता न येणं हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

लिनक्समध्ये एखादा प्रोग्रॅम ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, वेगळं बंधन घातलेलं नसेल तर त्याचे सगळे अधिकार त्या प्रोग्रॅमला मिळतात. त्या मुलीला जे वाचता येतं ते सगळं साधनाला वाचता येतं. तिच्या होम डिरेक्टरीत, म्हणजे तिच्या स्वतःच्या फोल्डरात, सर्व्हरवर शिरायची एसएसएच किल्ली असेल तर तीही. डाउनलोडमध्ये मागच्या महिन्यात कोणी पाठवलेली केवायसीची एक्सेल शीट पडून असेल तर तीही. साधन मध्येमध्ये परवानगी विचारतं हे खरं, पण दिवसातून शंभर वेळा ‘हो’ म्हणायची पाळी आली की माणूस न वाचताच ‘हो’ म्हणतो, किंवा विचारणंच बंद करून टाकतो. ते बंद करायची सोय बहुतेक साधनांत आहे.

यावर मला नेहमी सांगितलं जातं की साधन स्वतःच आपल्या कामाची नोंद ठेवतं, मग वेगळी कशाला? उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला याचं उत्तर ठाऊक आहे. कारखान्याच्या काट्याबद्दल शंका आली की शेतकरी उसाची ट्रॉली आधी बाहेरच्या काट्यावर नेतो, पावती खिशात घालतो आणि मगच कारखान्याच्या गेटवर जातो. काटामारीविरुद्ध आपल्या भागात आंदोलनं झाली ती याच मुद्द्यावर. प्रत्येक कारखाना लबाड आहे असं त्या शेतकऱ्याचं म्हणणं नसतं. वजनावर ज्याचा नफा-तोटा ठरतो त्याचाच काटा अखेरचा मानायचा नाही, एवढंच त्याचं म्हणणं असतं. साधनाच्या स्वतःच्या लॉगचंही तसंच आहे. तो उपयोगी आहे, तो ठेवावा. पण तो त्याच वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीत असतो, त्याच अधिकारांनी पुसता येतो, आणि साधनाने चालवलेल्या कमांडच्या पोटात पुढे काय घडलं हे त्याला दिसत नाही. एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टची तयार पॅकेजं उतरवून बसवणारं साधन. ‘एनपीएम इन्स्टॉल चालवलं’ अशी ओळ लॉगमध्ये येते. त्या इन्स्टॉलने आत जाऊन काय केलं, ते येत नाही.

आणि ‘आत जाऊन काय केलं’ ही कल्पनेतली भीती नाही. २६ ऑगस्ट २०२५ रोजी एनएक्स या लोकप्रिय जावास्क्रिप्ट बांधणी-साधनाच्या बिघडवलेल्या आवृत्त्या एनपीएमवर आल्या. काही तासांतच त्या काढल्या गेल्या, पण तोवर ज्यांनी त्या बसवल्या त्यांच्या मशीनवर एक स्क्रिप्ट चालून गेली. विंडोज दिसलं की ती थांबायची. तिचा रोख लिनक्स आणि मॅकवर होता. तिने कोड ठेवायच्या गिटहब या सेवेचे आणि एनपीएमचे टोकन (खात्यात शिरायचे गुप्त परवाने), एसएसएच किल्ल्या, क्रिप्टो वॉलेट शोधली. नवी गोष्ट अशी होती की शोधायचं काम तिने त्या मशीनवर आधीच बसवलेल्या एआय साधनांकडून करवून घेतलं. क्लॉड, जेमिनी, ॲमेझॉनचं क्यू यांपैकी जे सापडेल ते तिने परवानगी न विचारण्याचा पर्याय देऊन चालवलं आणि हुकूम दिला की संवेदनशील फाइलींचे पत्ते टेम्प डिरेक्टरीतल्या एका यादीत लिही. जमलेला माल ज्याचा होता त्याच्याच गिटहब खात्यात, सगळ्यांना दिसेल अशा रेपॉझिटरीत (कोडच्या कोठारात) टाकला गेला. जाताना स्क्रिप्टने वापरकर्त्याच्या बॅशआरसी या, टर्मिनल उघडताच चालणाऱ्या फाइलच्या शेवटी मशीन बंद करायची कमांडही जोडली, म्हणजे नवं टर्मिनल उघडलं की शटडाउन.

या घटनेत दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. माल गेला तो गिटहबला. विश्रामबागेतल्या आपल्या ऑफिसातूनही दिवसभर गिटहबशी बोलणं चालूच असतं, त्यामुळे फक्त ‘कुठल्या पत्त्यावर गेलं’ एवढंच पाहणाऱ्याला यात काही वावगं दिसलं नसतं. दुसरी गोष्ट म्हणजे एआय साधनाचा जन्मदाता. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला, तिला सुरू करणारी एक पालक प्रोसेस असते. माणूस साधन उघडतो तेव्हा त्याची पालक त्याची शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड घेणारा प्रोग्रॅम, असते. इथे ती एनपीएमच्या पोटातून चाललेली नोडची स्क्रिप्ट होती. ‘एनपीएम, त्याच्या पोटी नोड, त्याच्या पोटी क्लॉड, तेही परवानगी बंद करून’, ही साखळी ऑडिटडीच्या, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या नोंद ठेवणाऱ्या सेवेच्या, ओळींतले प्रोसेस आणि पालकाचे क्रमांक जुळवले की कळते. हे साधन कोणी उघडलं, का उघडलं, एवढा एक प्रश्न विचारणारा साधा नियम लिहिलेला असता तरी घंटा वाजली असती.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आणखी एक प्रकार उघडकीला आला. एआय साधनांना बाहेरच्या सेवांशी जोडायला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, वापरतात; अँथ्रोपिक कंपनीने तो नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला आणि आता तो सगळीकडे आहे. पोस्टमार्क-एमसीपी नावाच्या एका पॅकेजचं काम होतं एआयच्या सांगण्यावरून ईमेल पाठवणं. त्याच्या आधीच्या पंधरा आवृत्त्या सरळ होत्या. १.०.१६ या आवृत्तीत एक ओळ वाढली: प्रत्येक ईमेलची गुप्त प्रत पॅकेज लिहिणाऱ्याच्या पत्त्यावर. ईमेल वेळेवर जात होती, साधन ‘पाठवली’ असं प्रामाणिकपणे सांगत होतं, आणि साधनाच्या दृष्टीने ते खरंही होतं. मिरजेतल्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबने रिपोर्ट पाठवायला अशी जोडणी केली असती, तर कोणाच्या लक्षात येईपर्यंत रुग्णांचे रिपोर्ट तिसरीकडे जात राहिले असते.

एमसीपीच्या बाबतीत लिनक्सवर नजर ठेवायची एक खास अडचण आहे. नेटवर्कवरची रहदारी टिपणारं टीसीपीडंप लावलं की सगळं दिसेल असं अनेकांना वाटतं. पण स्थानिक एमसीपी सर्व्हर पुष्कळदा नेटवर्कवर बोलतच नाही. साधन त्याला आपली उपप्रोसेस म्हणून सुरू करतं आणि दोघं स्टँडर्ड इनपुट-आउटपुटच्या पाइपमधून जेसन-आरपीसी या ठरलेल्या साच्यातले संदेश एकमेकांना देतात: ‘हे टूल चालव, त्यासाठी ही माहिती घे’, ‘हा घे निकाल’. हे संदेश साध्या अक्षरांत असतात, पण ते कुठल्याच केबलमधून जात नाहीत. साधनाच्या खालून ते पाहायचे तर कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, पाइपवर लिहिण्या-वाचण्याच्या कॉलवर लक्ष ठेवावं लागतं. एसट्रेस (strace) हे प्रोग्रॅमचे असे कॉल दाखवणारं साधन लावून ते पाहता येतं, मात्र त्याने प्रोग्रॅम फार मंदावतो. ईबीपीएफ हे त्याच्यासाठी योग्य साधन आहे. २०१४ पासून ते लिनक्स कर्नलमध्ये आहे आणि चालू कर्नलमध्ये छोटे, तपासून घेतलेले प्रोग्रॅम बसवायची सोय देतं. त्यावर उभी राहिलेली, एमसीपीचा संवाद टिपणारी मुक्तस्रोत साधनं आज मोफत मिळतात.

बाहेर जाणाऱ्या संवादाचं वेगळं. तो एन्क्रिप्टेड असतो, म्हणून कुठे गेला आणि किती बाइट गेले हे कळतं, आत काय होतं हे कळत नाही. ईबीपीएफने एन्क्रिप्शनच्या लायब्ररीवरच कान लावता येतो, पण अनेक एआय साधनं ती लायब्ररी स्वतःच्या पोटात बांधून आणतात आणि मग हा उपाय फसतो. माझ्या मते छोट्या ऑफिसने त्या नादाला लागूच नये.

त्यांनी काय करावं, तर एआय साधनासाठी लिनक्सवर वेगळा वापरकर्ता तयार करावा. त्याला प्रकल्पाच्या कोडची एक प्रत द्यावी, खऱ्या डेटाबेसऐवजी बनावट नावांचा चाचणी डेटाबेस द्यावा आणि सूडोचा, म्हणजे प्रशासक म्हणून कमांड चालवायचा, अधिकार देऊ नये. एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये वापरकर्त्याच्या ओळख क्रमांकावरून नियम लिहिता येतो: या वापरकर्त्याच्या नावाने जे बाहेर जाईल ते फक्त आपल्या प्रॉक्सीतूनच, म्हणजे मधल्या सर्व्हरमधूनच, जाईल. ऑडिटडीला सांगावं की या वापरकर्त्याने चालवलेली प्रत्येक कमांड आणि उघडू पाहिलेली प्रत्येक संवेदनशील फाइल लिहून ठेव. आणि हे लॉग त्या मशीनवर न ठेवता आरसिसलॉग या लॉग पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने लगेच दुसऱ्या मशीनवर पाठवावेत. यातल्या एकाही गोष्टीला परवान्याचा रुपया लागत नाही. जाणकार माणसाचे दोन-चार दिवस लागतात आणि नंतर आठवड्याला थोडा वेळ लॉग वाचायला लागतो. तो वाचायचा वेळ मात्र टाळता येत नाही. कोणी न वाचलेला लॉग हा फक्त डिस्क भरतो.

लिनक्स मुक्तस्रोत आहे म्हणून सुरक्षित आहे, हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या, फाइली आवळणाऱ्या लायब्ररीत मागचं दार, म्हणजे गुपचूप शिरायची वाट, सापडलं ते आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला, आणि एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा त्याने पाठपुरावा केला म्हणून. कोड सगळ्यांसाठी खुला होता. बघणारा एक निघाला.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी हरकत. "उद्या मालक या लॉगमधून आम्ही काय टाइप केलं, किती वेळ बसलो, कितीदा चुकलो हे बघत बसेल." ही भीती खरी आहे आणि तिला उडवून लावणाऱ्यांशी माझं जमत नाही. छोट्या ऑफिसात मालक आणि कर्मचारी यांच्यात एचआर खातं नसतं, तक्रार करायला जागा नसते. एआयला विचारलेले प्रश्न म्हणजे माणसाच्या अज्ञानाची कबुलीच असते. कुठलाही होतकरू मुलगा वरिष्ठांना जे विचारायला लाजेल ते तो यंत्राला विचारतो. त्याची नोंद मालकाच्या हाती गेली तर तो विचारणं बंद करेल, किंवा घरच्या लॅपटॉपवर, वैयक्तिक खात्यातून विचारेल. दुसरं घडलं तर डेटा ऑफिसच्या बाहेर आणि नजरेच्याही बाहेर गेला.

म्हणून वेगळ्या वापरकर्त्याचा माझा आग्रह दुहेरी आहे. नोंद होते ती त्या यंत्र-वापरकर्त्याची. मुलांनी स्वतःच्या लॉगिनमधून केलेलं काम आणि त्यांचा ब्राउझर तिच्यात येत नाहीत. शिवाय संवादाचा मजकूर साठवायची गरजही नसते. फाइलचं नाव, कमांड, पालक प्रोसेस, कुठे गेलं, किती गेलं, केव्हा गेलं, एवढं पुरतं. मजकूर साठवला तर लॉगच्या सर्व्हरवर पासवर्ड आणि खातेदारांची माहिती साचते आणि चोराला एकाच ठिकाणी सगळं मिळतं. काय टिपलं जातं, किती दिवस राहतं, कोण बघू शकतं, हे मराठीत एका पानावर लिहून ऑफिसात लावलं पाहिजे, आणि मुलांना स्वतःच्या कामाची नोंद केव्हाही पाहता आली पाहिजे. ही अट न पाळता कोणी नजर ठेवत असेल तर त्याला मी सुरक्षा म्हणणार नाही.

मग बंदीच का घालू नये? केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीकसारखी साधनं वापरू नका असं सांगितलं. मंत्रालयाला ते परवडतं. सांगलीतल्या सहा जणांच्या ऑफिसची पुण्यातल्या साठ जणांच्या कंपनीशी स्पर्धा असते. तिथे बंदी कागदावर राहते आणि काम मोबाईलवर सरकतं. दुसरा उपाय सुचवला जातो तो मॉडेल आपल्याच मशीनवर चालवण्याचा. तो चांगला आहे, डेटा बाहेर जात नाही. पण घरचं मॉडेलही फाइलमध्ये कोणी लपवून लिहिलेल्या हुकमाला फसू शकतं आणि चुकीची कमांड चालवू शकतं. शिवाय ओलामासारखं सॉफ्टवेअर मुळात फक्त स्वतःच्या मशीनपुरतं ऐकतं. शेजारच्या टेबलवरूनही वापरता यावं म्हणून कोणी ते सगळ्या पत्त्यांवर उघडं करतं, आणि त्याला पासवर्ड नसतो. म्हणजे तिथेही नोंद लागतेच.

कायद्याची बाजू मी थोडक्यात मांडतो, कारण कायद्याच्या धाकाने केलेली नोंद ही बहुधा फाइलला लावायची नोंद होते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे. एआय साधनाने काय केलं हे ज्या ऑफिसला माहीतच नाही, ते सहा तासांत काय कळवणार?

सहकारी बँकांना याचा अनुभव नवा नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. जुलै २०२४ च्या अखेरीस छोट्या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज कंपनीच्या यंत्रणेत रॅन्समवेअर शिरलं, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला तात्पुरतं वेगळं काढलं आणि सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडकले. त्यातल्या ग्राहकाने कंपनीचं नावही ऐकलेलं नव्हतं. आपल्याकडच्या पतसंस्थेच्या सभासदालाही विश्रामबागेतल्या त्या दुसऱ्या मजल्याचा पत्ता माहीत नसतो. म्हणूनच हा त्या ऑफिसचा खासगी प्रश्न राहत नाही.

सहकारात एक चांगली पद्धत आहे: हिशेब लिहिणारा आणि हिशेब तपासणारा वेगळा असतो, आणि तपासणीचा अहवाल सभासदांपुढे येतो. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा होते. त्या सभेत एखाद्या सभासदाने उठून विचारावं की आपलं सॉफ्टवेअर सांभाळणारे लोक एआय साधनं वापरतात का, खऱ्या खात्यांवर वापरतात का, आणि त्याची नोंद कोण ठेवतं. संस्थेने सॉफ्टवेअरवाल्याशी केलेल्या करारात या तीन गोष्टींची उत्तरं असावीत. लेखापरीक्षकाने कॅश मोजतो तसा या लॉगचा एखादा दिवस उघडून पाहावा.

एकेकट्या ऑफिसला लॉगचा वेगळा सर्व्हर जड जाईल, हे मी जाणतो. जिल्ह्यातल्या पतसंस्थांनी मिळून एक सामाईक सर्व्हर चालवावा. १९४७ पासून अभियंते घडवणारं वालचंद महाविद्यालय सांगलीतच आहे. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ऑडिटडी आणि ईबीपीएफचे नियम लिहिण्याइतका खरा आणि उपयोगी प्रकल्प दुसरा कुठला मिळणार? त्या सर्व्हरचा रूट, म्हणजे सगळे अधिकार देणारा, पासवर्ड मात्र सॉफ्टवेअरवाल्याकडे नसावा, आणि एकट्या मॅनेजरकडेही नसावा. तो दोन भागांत, एक लेखापरीक्षकाकडे आणि एक संचालक मंडळाने नेमलेल्या सभासदाकडे असावा, आणि तो केव्हा, कशासाठी वापरला याची ओळ पुढच्या सभेच्या अहवालात छापली जावी.